एकशे सातवा आवाज

जबाब देणार: पुरुष, वय ३८ वर्षे, व्यवसाय संगणक प्रोग्रामर, राहणार ध्वनिमुद्रण केंद्रामागील गल्ली, थोरल्या भावाच्या घराचा वरचा मजला.

मी आज सकाळी अकरा वाजता ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार असतो, त्यांचा आवाज आमच्या केंद्रात आधी रेकॉर्ड करून ठेवतात. असे दोनशे बारा आवाज काल सायंकाळी सहा वाजता मुख्य फोल्डरमधून नाहीसे झाले. दुसरी प्रत ठेवणारी डिस्क महिनाभरापासून दुरुस्तीला गेलेली आहे.

माझा संशय रेकॉर्डिंग करणाऱ्या बाईंवर आहे. त्या माझ्या वहिनी आहेत, पण नाते नात्याच्या जागी. परवा रजेवरून त्यांचे संचालकांशी वाजले, तेव्हा "एक दिवस सगळं पुसून टाकीन नि घरी बसेन" असे त्या सर्वांदेखत म्हणाल्या. काल रेकॉर्डिंगच्या खोलीतून शेवटी बाहेर पडल्या त्याच. सकाळपासून मी खोदून विचारतो आहे, तर तोंडातून ब्र काढत नाहीत. कुठेतरी पाणी मुरते आहे, अशी माझी खात्री आहे.

पुसलेल्यांत एकशे सातवा आवाज माझ्या दादाचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा आहे. दादा आता पाटीवर लिहून बोलतो. वहिनी रोज जेवणाच्या सुट्टीत ती फाईल ऐकत. हे त्यांच्या बाजूचे आहे, तरी सांगितले.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगतो की, रोज सहा वाजता माझा प्रोग्राम आपोआप चालतो. तो मुख्य फोल्डरमध्ये सुरू होतो, फुकट गेलेले तुकडे टाकायच्या 'कच्चे' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊ दे असे ऑपरेटिंग सिस्टमला सांगतो आणि मग जिथे उभा असेल तिथले सगळे पुसतो. जाणे जमले की नाही, याचे उत्तर सिस्टम देते. ते उत्तर माझा प्रोग्राम बघत नाही. सहा वर्षांत गरज पडली नाही.

गेल्या वर्षी वहिनींनी विचारले होते, "भाऊजी, तो फोल्डर जागेवर नसला तर हा काय करेल?" मी म्हणालो होतो, "वहिनी, तुम्ही तुमचं रेकॉर्डिंग बघा."

वहिनींनाही चौकशीसाठी ठाण्यात आणले आहे; महिला शिपायांना त्यांच्या पर्समध्ये घडी केलेला कागद मिळाला. तो आता माझ्यासमोर ठेवला आहे. त्यावर प्रोग्रामची काल सहा वाजताची नोंद आहे: 'कच्चे' सापडला नाही, पुसणे पूर्ण. वहिनींनी ती आज सकाळीच छापून घेतली होती. कोणाला दाखवली नाही.

काल दुपारी त्या फोल्डरचे नाव 'कच्चे जुने' असे बदलले गेले. ते मी बदलले. आवराआवर करत होतो. हवालदार म्हणाले, "काखेत कळसा नि गावाला वळसा." मी पाणी मागितले. मला लाज वाटते आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. फक्त संशयाच्या जागी 'रेकॉर्डिंग करणाऱ्या बाईंवर' हे खोडून 'माझ्यावर' असे लिहावे. वहिनी बाहेर बाकावर बसल्या आहेत, त्यांना घरी जाऊ द्यावे. दादाला काय सांगायचे ते मला सुचत नाही. एवढे वाक्य जबाबात घेऊ नये.