भोकरेबाईंचं चुकलेलं उत्तर

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पूर्वरंगात देवाच्या नावाची गोडी आपण पोटभर चाखली. आता एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका — लगेच उत्तर द्यायची खोड या गावाला आहे, हे मला तीन कीर्तनांत कळलंय.

प्रश्न असा. एखादी गोष्ट पाठ असणं आणि एखादी गोष्ट ठाऊक असणं, यात फरक आहे की नाही? आणि असला, तर ज्या दिवशी ती दोन्ही समोरासमोर उभी राहतील, त्या दिवशी तुम्ही कुणाच्या बाजूनं बोलाल?

माना हलवताय. छान. मान हलवणं पाठ आहे तुम्हाला. ऐका तर मग.

कासारवेढे नावाचं तालुक्याचं गाव. तिथल्या शाळेत वत्सला भोकरे नावाच्या बाई भूगोल शिकवायच्या. एकतीस वर्षं! तोंडपाठ सगळे पर्वत, सगळ्या नद्या, सगळ्या राजधान्या. फळ्याकडे पाठ करून, हात मागे नेऊन हिमालय काढायच्या — शिखरं जिथल्या तिथं. आणि गंमत बघा, बाईंनी स्वतः हिमालय कधी पाहिला नव्हता. हिमालय सोडा, नर्मदेच्या पलीकडे पाऊल नव्हतं पडलेलं. यजमान विश्वंभरराव एस.टी. डेपोत कारकून. राज्यभरच्या गाड्यांचं वेळापत्रक त्यांच्या हाताखालून जायचं, आणि बाईंना घेऊन ते कुठं गेले? तर सासुरवाडीला.

बाई निवृत्त झाल्या आणि एक दिवस म्हणाल्या, "अहो, मी त्या टीव्हीवरच्या प्रश्नांच्या कार्यक्रमात जाते. जिंकले तर आपण दोघं हिमालय बघून येऊ. डोळ्यांनी."

विश्वंभरराव म्हणाले, "फोटोत बघितलाय की."

बाईंनी उत्तर दिलं नाही. बायका उत्तर देत नाहीत तेव्हा निर्णय झालेला असतो, हे पुरुषांना एकतीस वर्षांत कळत नाही.

तीन वर्षं फॉर्म भरले. फोनवर प्रश्न, मग लेखी परीक्षा, मग मुलाखत. शेवटी बोलावणं आलं. मुंबईच्या त्या स्टुडिओत बाई सकाळी सातला हजर. सातला बोलावलं होतं ना! अकरा वाजले, कुणी विचारीना. मग एकानं येऊन तोंडाला पावडर थापली. दुसऱ्यानं सांगितलं, ही साडी चालणार नाही, कॅमेऱ्यात थरथरते. साडी बदलली. मग कानात बटण घातलेली एक मुलगी वही घेऊन आली.

"मॅडम, तुमच्या आयुष्यातला संघर्ष सांगा ना."

"संघर्ष म्हणजे?"

"म्हणजे… दुःख. लोकांना आवडतं."

बाई म्हणाल्या, "सकाळपासून चहा मिळाला नाही."

"तसं नाही मॅडम. मोठं काहीतरी. मिस्टर… आहेत का?"

"आहेत. बाहेर बसलेत. शेंगदाणे खातायत."

त्या मुलीचा चेहरा पडला. आता सांगा — नवरा जिवंत आहे म्हणून कुणाचा चेहरा पडावा? पण पडला. शेवटी तिनं वहीत लिहून घेतलं की बाईंनी लहानपणी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे वीज होती." ती म्हणाली, "कधीतरी जात असेलच ना मॅडम."

वैतागल्या बाई. पण गिळलं. समोर हिमालय दिसत होता.

चार वाजता एकदाच्या त्या उंच खुर्चीवर बसल्या. समोर सूत्रसंचालक, चकचकीत कोट, हसणं तर चिकटवलेलं. आणि प्रश्न सुरू झाले. पहिला — बरोबर. दुसरा — बरोबर. सहाव्या प्रश्नापर्यंत तर बाई पर्याय ऐकायलाच थांबेनात. तो म्हणाला, "बाई, पर्याय वाचू द्या हो, मला त्याचेच पैसे मिळतात." लोक हसले. बाई हसल्या नाहीत. वर्गात मध्येच बोलणारा त्यांना आवडत नसे. आठवा, नववा — बरोबर. टाळ्यांवर टाळ्या. दहावा बरोबर आला की दोघांची हिमालययात्रा निघेल एवढं बक्षीस होतं.

दहावा प्रश्न आला. सूत्रसंचालक खूष होऊन म्हणाला, "बाई, तुमचं नशीब. तुमच्याच भागातला प्रश्न आहे. वेळंबी नदीचा उगम कोणत्या डोंगरात होतो? अ — माणकेश्वर. ब — हुमणी…" पुढचे दोन सोडा, ते उगाच भरतीचे होते. "सोपं आहे की. तुम्ही तर मुलांना शिकवलं असेल."

"हो," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं शिकवलं."

आणि गप्प झाल्या.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, उत्तर येत नव्हतं का? अहो, दोन-दोन येत होती! हीच तर पंचाईत. पुस्तकात होतं माणकेश्वर. डोंगरावर देऊळ, देवळात दगडाचं गोमुख, गोमुखातून पाणी — झाला उगम. पुस्तक लिहिणाऱ्यानं दर्शन घेतलं, प्रसाद खाल्ला आणि उगम लिहून टाकला. कार्डावर तेच असणार, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं.

पण सव्वीस वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात सुंद्रा हाके नावाची एक मुलगी होती. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली. चाचणी परीक्षेत तिनं लिहिलं — वेळंबीचा उगम हुमणीच्या डोंगरात. बाईंनी लाल फुली मारली. मुलगी उभी राहिली. "बाई, चुकलं नाही माझं. गोमुख शिमग्याला आटतं. हुमणीचा झरा आटत नाही. नदी तिथनंच येती."

बाई चिडल्या. "पुस्तकापेक्षा तू शहाणी का?"

"तुम्ही चला की बघायला."

आणि बाई गेल्या, मंडळी! हट्टानं गेल्या. रविवारी, उन्हात, त्या पोरीला खोटं पाडायला चार तास डोंगर चढल्या. वाटेत माणकेश्वराचं गोमुख बघितलं — कोरडं, आत पाल बसलेली. पुढं खिंड ओलांडून हुमणीवर गेल्या, तर कातळाच्या फटीतून पाणी वाहतंय. गार. तेच पाणी ओढ्यानं खाली उतरून नदी होताना वरून दिसत होतं. बाई खाली बसल्या, ओंजळ भरली आणि पोटभर प्यायल्या. सुंद्रा बाजूला उभी राहून नुसती बघत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी काय केलं असेल? सांगा.

तुम्ही सांगाल, मार्क दिला. मीही तसंच सांगितलं असतं, गोष्ट गोड झाली असती. नाही दिला! बोर्डाच्या परीक्षेत पुस्तकातलंच विचारतात, एकीला एक आणि बाकीच्यांना दुसरं कसं सांगायचं, मुख्याध्यापक काय म्हणतील… बाईंनी फळ्यावर लिहिलं — उगम, माणकेश्वर. आणि त्यानंतर दरवर्षी लिहिलं. पाणी पिऊन आलेल्या माणसानं, मंडळी!

ते सगळं त्या उंच खुर्चीवर बाईंना आठवलं. घड्याळ टिकटिकत होतं. सूत्रसंचालक म्हणाला, "बाई, नसेल येत तर खेळ सोडता येतो. जमलेलं बक्षीस घरी न्या."

बाई म्हणाल्या, "येत नाही असं नाही. तुमच्या कार्डावर अ असेल. पुस्तकात तेच आहे, मी तेच शिकवलं. पण मी स्वतः जाऊन पाहिलंय. उगम हुमणीत आहे."

"मग उत्तर कुठलं धरू?"

बाईंनी प्रेक्षकांत पाहिलं. विश्वंभरराव मानेनं खुणावत होते — अ, अ. शेंगदाण्याची पुडी हातातच राहिली होती.

"ब," बाई म्हणाल्या.

"पक्कं?"

"सव्वीस वर्षांपूर्वीच पक्कं व्हायला हवं होतं. आता करा."

भोंगा वाजला. उत्तर चूक. जमलेलं जवळजवळ सगळं गेलं. हातात आलं एक भिंतीवरचं घड्याळ, त्यावर कार्यक्रमाचं नाव. परतीच्या गाडीत विश्वंभररावांनी कल्याणपर्यंत उरलेले शेंगदाणे संपवले. कल्याणला म्हणाले, "कुणाला कळलं असतं, वत्सला?"

"मला," बाई म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड केलं.

इथं गोष्ट संपली असती तर सोपं होतं. सत्य बोलावं, थोडं सोसावं, घरी यावं. पण मंडळी, सत्य बोलणं एक वेळ परवडतं. ते बोललेलं लोकांपर्यंत पोचलं पाहिजे ना?

महिन्यानं कार्यक्रम लागला. गावानं नगरपालिकेच्या सभागृहात मोठा पडदा लावला. बाई पहिल्या रांगेत. नऊ उत्तरांना नऊ वेळा टाळ्या झाल्या. दहावा प्रश्न आला. बाईंनी श्वास धरला — आता आपण बोललो ते गाव ऐकेल.

पडद्यावर काय दिसलं? "वेळंबीचा उगम?" — बाई गप्प, खाली मान. "ब." — भोंगा. करुण बासरी. संपलं. मधलं सगळं कापलं होतं, सगळं! गोमुख गेलं, पुस्तक गेलं, पाहिलं होतं तेही गेलं. उरली एक भूगोलाची शिक्षिका, जिला आपल्याच तालुक्यातली नदी कुठं उगम पावते ते ठाऊक नाही.

सभागृहात मागून कुणीतरी फिसकलं. निवृत्त मुख्याध्यापक कुलथे सर जवळ येऊन फार प्रेमानं म्हणाले, "बाई, माणकेश्वर हो. चौथीतलं पोर सांगेल."

बाईंनी समजावलं. त्यांना समजावलं, शेजारणीला समजावलं, भाजीवालीला समजावलं. प्रत्येक जण म्हणे, "असू दे बाई, होतं असं." हरलेल्या माणसाचं खरं कुणी ऐकत नाही, त्याची समजूत घालतात. बाईंनी वाहिनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं — तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पुस्तक काढणाऱ्यांना लिहिलं. त्यांचं उत्तरच नाही. शेवटी बाईंनी बोलणं सोडलं. मंडईत जायची वेळ बदलली. एवढं ज्ञान, एवढा मान, आणि भर दुपारी बाजार करायचा, का? तर कुणी भेटू नये म्हणून.

आणि एका दुपारी फोन आला.

"बाई, मी सुंद्रा बोलतीय. सुंद्रा हाके. आता सुंद्रा गडदे. वाईला असते."

बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"तुम्ही ब म्हणालात," सुंद्रा म्हणाली. "घरात सगळी हसली. मी उठून बाहेर गेले."

"सुंद्रा, मी तिथं सांगितलं होतं गं. त्यांनी कापलं. तुझा मार्क मी—"

"मार्काचं काही नव्हतं बाई. मार्क बाकीच्यांनी पण कापले. तुम्ही माझ्याबरोबर चालत आलात, ते पाणी ओंजळीनं प्यालात. मला वाटलं, आता उद्या बाई वर्गाला सांगणार. रात्रभर झोप नाही मला. आणि सकाळी तुम्ही फळ्यावर माणकेश्वर लिहिलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर मी शाळेत काही बोललेच नाही. जे विचाराल ते पुस्तकातलं सांगायचं आणि खाली बसायचं."

बाई भिंतीला टेकल्या. "चुकलं माझं," म्हणाल्या. एकतीस वर्षांत विद्यार्थ्याला हे वाक्य त्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

"उशीर केलात," सुंद्रा म्हणाली. राग होता आवाजात, लपवला नाही तिनं. मग ती म्हणाली, "माझी पोरगी नववीत आहे. कार्यक्रम चालू झाला तेव्हा ह्या माझ्या बाई म्हणून मी सांगितलं नव्हतं तिला. संपल्यावर सांगितलं."

मंडळी, लाखो लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. लाखांना कळलं की बाई हरल्या. एकीला कळलं की बाई खरं बोलल्या. पण जिला कळायला हवं होतं, तीच ती एक होती. आता मला सांगा, उत्तर चुकलं की बरोबर आलं?

आणि तुम्ही! टीव्हीसमोर बसून "मला येत होतं, मला येत होतं" म्हणणारे तुम्ही! कोण आहे तुमच्या घरात, ज्याचं बरोबर होतं आणि तुम्ही फुली मारली? सून आहे? धाकटा भाऊ आहे? तुम्हाला ठाऊक आहे, नाव आत्ता ओठावर आलंय. त्या माणसाचं खरं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, आणि चार लोकांत बोलताना पाठ केलेलं बोललात. जा, आज घरी जाऊन सांगा त्याला. ओशाळल्यासारखं होईल, होऊ द्या. तो रागावेल, रागावू द्या. उशिरा का होईना, सांगा.

चला, टाळ उचला. देवाचं नाव घेऊ. पण पाठ असल्यासारखं नको — पाहिल्यासारखं घ्या.