मुका फेरा

अंबुबाई : चार ओव्या मी गाते. पाचवी आईची. ती न्हाई, तर एक फेरा जातं मुकंच फिरवायचं. आपल्या घराची रीत हाय सिधे.

सिद्धेश्वरी : माझ्या हळदीला मुका फेरा नको, आत्या. पाचवी मी म्हणते.

अंबुबाई : नवरी आपल्याच हळदीला गाती व्हय? दहाला बाया येतील, हसतील की.

सिद्धेश्वरी : हसू देत. विषय संपला.

अंबुबाई : तुमचा विषय सुरू व्हायच्या आदीच संपतो बाई! परवा माझी ओवी ऐकून तुझ्या मैत्रिणी म्हनल्या, 'वाढीव!' आमच्यात ताटात वाढीव पडायचं. आता गळा बी वाढीव.

सिद्धेश्वरी : भारी, अशा अर्थानं. लाडानं म्हणाल्या त्या.

अंबुबाई : लाड कळतोय गं. पर हे जातं धरणाखाली गेलेल्या गावातनं आणलंय. मुक्या फेऱ्यात त्या गावची हाक येती म्हणतात. तिथं कॉलेजातलं बोलणं शोभंल का?

सिद्धेश्वरी : आईला शोभलं होतं. दवाखान्यातनं तिनं पाठवलेला शेवटचा मेसेज अजून मोबाइलमध्ये आहे. 'सिधे, पेपर नीट लिही. माझा लोड घेऊ नको.'

अंबुबाई : (जातं पुसता पुसता थांबून) वैजयंती म्हनली? लोड?

सिद्धेश्वरी : मीच शिकवलेलं. काळजी करू नको, असं म्हणायचं असलं की आम्ही म्हणतो.

अंबुबाई : तिचा लोड म्हंजे केळीचा ट्रक. डोक्यावर घड घेऊन बांधावरनं पळायची. लोड भरल्याबिगर पाण्याचा घोट घ्यायची न्हाई.

सिद्धेश्वरी : शिकवलं तेव्हा तेच म्हणाली ती. 'जन्मभर घेतला, आन् तू आता नको म्हणतीस व्हय?' लई हसली. मग जाताना तोच शब्द मला देऊन गेली.

अंबुबाई : (फडकं बाजूला ठेवून) म्हन बघू. हळू म्हन.

सिद्धेश्वरी :
पाचवी माझी ओवी गं, निजलं पाणी उन्हात
लोड नको घेऊ लेकी, माय बोलती कानात.

अंबुबाई : पुन्यांदा.

सिद्धेश्वरी : चुकलं का काही?

अंबुबाई : न्हाई. पर अशी समोर बसून नको. हिकडं ये, ह्या अंगाला. वैजयंती हितंच बसायची.

सिद्धेश्वरी : आणि बाया हसल्या तर?

अंबुबाई : खुंटा धर. तू म्हन, हळद मी घालते.