दस्तगीरनं ओला भोपळा बंद केला

मंडळी, आधी मला एक सांगा. घरातलं माणूस गेलं आणि एकाच्या डोळ्यांत टिपूसही आलं नाही – तो माणूस धीराचा, की दगडाचा? पुढच्या रांगेतले काका, मान कसली हलवताय? आधी ऐका, मग हलवा!

विणेकरी, ती वीणा जरा वर धरा. दिसली सगळ्यांना? ही केली कुणी? मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतल्या एका मुसलमान कारागिरानं! सप्ताहाचे सातही दिवस आपण हिच्या पाया पडतो. मग हिच्या माहेरची एक गोष्ट ऐकायला काय हरकत आहे?

तर त्या गल्लीत दोन भाऊ. थोरला दस्तगीर, धाकटा बाबालाल. घरात म्हातारी आई, बिबनबी. तंबोऱ्याचं काम दोघांनी वाटून घेतलेलं. भोपळा बाबालालकडे – तो भिजवायचा, तोंड कापायचं, आतला गर खरवडायचा, काठ्यांचे टेकू देऊन सावलीत वाळवायचा. पुरता वाळला, की दस्तगीर त्याच्यावर लाकडाची तबली, म्हणजे झाकणच, बसवणार आणि चकचकीत पॉलिश करणार. घाई केली तर भोपळा आतून कुजतो. म्हणून थाप मारून बाबालाल सांगेल तेव्हाच तबली!

आणि एके दिवशी हा बाबालाल जेवता जेवता छातीवर हात ठेवून आडवा झाला. गेला. पस्तिशीचा माणूस!

बिबनबीनं हंबरडा फोडला. तोच दस्तगीर पुढे झाला, म्हणाला, “अम्मा, सबर.” सबर म्हणजे आपली सबुरी हो. म्हातारीनं पदर तोंडात कोंबला. लोक म्हणाले, वा! काय सबर आहे दस्तगीरचा! झालं – तेवढं ऐकलं आणि गड्याला चव लागली की! चौथ्या दिवशी कामावर हजर. गल्लीत आणखी कुणाकडे मयत झाली, की हा तिथं बायकांच्या घोळक्यावर नजर ठेवून उभा. कुणी हुंदका दिला की याचा खाकरा! पोलीस बरा, तो निदान जेवायला तरी घरी जातो.

इकडे बिबनबीचा घास उतरेना. पेज दिली, तर तीही दोन घोटांपुढे जाईना. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं, म्हणाले घसा स्वच्छ आहे. अहो, स्वच्छ असणारच! जे अडकलं होतं, ते बॅटरीत दिसतं होय? म्हातारी दिवसेंदिवस वाळत चालली.

मशिदीचे पेशइमाम वयानं मोठे, कळवळ्याचे. ते घरी आले. म्हणाले, दस्तगीर, आईला रडू दे. रसुलल्लांचा, आपल्या पैगंबरांचा, तान्हा मुलगा मांडीवर गेला, तेव्हा त्यांचेही डोळे वाहिले. लोकांनी विचारलं, तुम्हीसुद्धा? ते म्हणाले, ही तर रहमत आहे, अल्लाची दया – डोळे रडतात, काळीज दुखतं, आणि अल्लाला आवडणार नाही असं आम्ही काही बोलत नाही. आणि याकूब पैगंबर! मुलासाठी रडून रडून डोळे पांढरे झाले त्यांचे. तरी कुराणात त्यांच्याच सबराला सुंदर म्हटलंय.

यावर आपला दस्तगीर काय म्हणाला असेल? म्हणाला, “इमामसाब, त्यांची गोष्ट वेगळी.”

घ्या! म्हणजे पैगंबर रडले ते जरा कच्चे, आणि हा मिरजेचा दस्तगीर पक्का! मंडळी, हसू नका. असे पक्के आपल्याही गावात आहेत, मंडपातही असतील. नावं घेत नाही, प्रसाद अजून वाटायचाय.

आता त्या चौथ्या दिवशी काय झालं होतं, ते ऐका. फळीवर बाबालालचा शेवटचा भोपळा, टेकू लावलेला. दस्तगीरनं तो खाली घेतला, आत हात घालून चाचपडत टेकू काढले आणि तबली चिकटवून टाकली. आत एकदा तरी बघावं ना? नाही बघितलं. भावाच्या हाताचं काम आत होतं, आणि ते आपल्याला बघवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वरून मात्र पॉलिश असं, की तोंड पाहून घ्यावं!

तंबोरा कोल्हापूरच्या एका गायनशाळेत गेला आणि पस्तीस दिवसांत परत आला. जोड उकललेला, कुबट वास येतोय. दस्तगीर खिडकीशी बसला आणि पातळ सुरीनं तबली सोडवली. आत बुरशी. आणि बुरशीच्या वरच्या अंगाला, काठाजवळ, पेन्सिलीनं लिहिलेलं – ओला आहे. घाई करू नको, भाई.

बाबालालचं अक्षर.

बिबनबी भिंतीला धरून आली. तिला वाचता येत नव्हतं, पण पोराचं अक्षर ओळखत होती. तिनं त्यावरून बोट फिरवलं. मग दस्तगीरकडे बघून हळूच म्हणाली, “त्यानं कधी ओला भोपळा बंद करू दिला नव्हता रे.”

मंडळी, इतके दिवस सगळ्या गल्लीला गप्प करणारा तो माणूस! त्यानं भोपळा पोटाशी धरला आणि म्हणाला, “अम्मा, बाबालाल गेला गं.” तोवर हे वाक्य त्यानं एकदाही उच्चारलं नव्हतं. मायलेक रडले, अगदी पोटातून रडले.

आवाज ऐकून शेजारचे चाचा धावत आले. सवयीनं म्हणाले, सबर, दस्तगीर, सबर! दस्तगीरनं डोळेसुद्धा पुसले नाहीत. म्हणाला, “चाचा, सबरच चाललाय.”

त्या संध्याकाळी बिबनबीनं स्वतःहून पेज मागितली, आणि वाटीभर उतरली.

आता तुमचं बघू. आपण भेटायला जातो. चप्पल काढायच्या आधीच म्हणतो – रडू नका, घट्ट व्हा! का हो? त्यांना त्रास होतो म्हणून, की आपल्याला बघवत नाही म्हणून? मीही म्हणालोय, माझ्याच बहिणीला, मेहुणे गेले तेव्हा. चांगला बुवा म्हणून गेलो आणि तिचं तोंड बंद करून आलो. उद्या कुणाच्या दारी जाल तेव्हा नुसते शेजारी बसा. वाळायला लागतील तेवढे दिवस लागू द्या.

काका, आता सांगा – धीराचा, की दगडाचा? ...राहू द्या, राहू द्या. उपरणं खाली ठेवा, पुसू नका. विणेकरी, तार छेडा. काकांचं होईपर्यंत आपण थांबू.