चार नंबर, छापू नये

नाव : ओळखपत्राच्या जोडलेल्या प्रतीप्रमाणे, क्लबमध्ये सगळे "वहिनी" म्हणतात. वय : ५१ वर्षे. व्यवसाय : व्यावसायिक फुटबॉल क्लबमध्ये कपडे व साहित्य विभागाची प्रमुख. राहणार : मैदानाच्या मागे, क्लबची कर्मचारी वसाहत, खोली क्रमांक ६. जबाब सुरू केल्याची वेळ : शनिवार, सकाळी ११.२०.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती याच क्लबमध्ये हेच काम करत. नऊ वर्षांपूर्वी ते गेले आणि काम माझ्याकडे आले. जर्सी, बूट, मोजे, पट्ट्या, टॉवेल, धुणे, इस्त्री हे सगळे मी बघते. आज दुपारी चार वाजता आमची हंगामातली शेवटची मॅच आहे, म्हणून जबाब लवकर उरकावा अशी माझी विनंती आहे. हीही विनंती लिहून घ्या म्हटल्यावर हवालदारांनी ती लिहून घेतली.

काल संध्याकाळपासून बेपत्ता असलेल्या आमच्या कॅप्टनला मी चौदा वर्षे ओळखते. तो बचावफळीत चार नंबरची जर्सी घालून खेळतो. सगळे त्याला "खिळा" म्हणतात, कारण गोलसमोर एकदा उभा राहिला की कोणाच्या बापाच्यानेही हलत नाही. नदीपलीकडच्या क्लबने त्याला तीनदा बोलावले होते. तीनही वेळा तो गेला नाही. आजची मॅच त्याच क्लबशी आहे.

तीन आठवड्यांपूर्वी सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास तो कपड्यांच्या खोलीत नवे बूट घालून बघत होता. नाडी बांधायला वाकला आणि तसाच बाकावरून खाली आला. तो नेहमी थट्टा करतो, म्हणून मी म्हटले, ऊठ आता, फरशी नुकतीच पुसली आहे. दुसऱ्यांदा म्हटले तरी उठला नाही. तेव्हा मी जवळ गेले. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मिनिटभराने तो शुद्धीवर आला. मी त्याला टॅक्सीने बाहेरच्या डॉक्टरकडे नेले, कारण क्लबच्या डॉक्टरकडे जायला तो तयार नव्हता.

डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले की हृदयाचा स्नायू जाड झाला आहे, अजिबात पळायचे नाही, आणि क्लबच्या डॉक्टरांना आजच्या आज कळवायचे. पळाला तर काय होईल, असे मी विचारले. ते म्हणाले, काहीच होणार नाही असेही होईल, आणि मैदानातच पडेल असेही होईल. डॉक्टरांचा कागद मी सोबत आणला आहे.

परत येताना टॅक्सीत त्याने माझ्याकडून शब्द घेतला. तो म्हणाला, "वहिनी, एवढा हंगाम संपू दे. शेवटच्या मॅचला बरोबरी झाली नाही तर आपण खालच्या लीगमध्ये जातो. आत्ता पोरांना कळलं तर ती निम्मी मॅच इथेच हरतील. नंतर मी स्वतः सांगतो." मी म्हटले, एकही मॅच खेळणार नसशील तरच गप्प बसते. तो हो म्हणाला. हो म्हणताना तो खिडकीबाहेर बघत होता, हे मला तेव्हाही दिसले होते. मांडीचा स्नायू दुखावल्याचे सांगून त्याने पुढच्या दोन्ही मॅच टाळल्या. मी तीन आठवडे नीट जेवले नाही. तो जिना चढला तरी मी पायऱ्या मोजत असे.

विचारल्यावरून यादीबद्दल सांगते. पुढच्या हंगामाच्या जर्सी छापायला देण्याची यादी मी दरवर्षी ड्रेसिंग रूमच्या दारावर लावते. प्रत्येकाने आपल्या नंबरसमोर माप लिहून सही करायची असते. ज्याची सही तो आपला, असे कोच म्हणतात. करारापेक्षा आमच्याकडे या सहीला जास्त मान आहे. खिळा दरवर्षी सगळ्यात आधी सही करतो. यंदा तो म्हणाला, हंगाम संपला की मी निवृत्त होणार, माझी जर्सी छापायला सांगू नका. त्याची सही नाही हे सगळ्यांना दिसले असते, म्हणून मी यादी दारावर लावलीच नाही. मापे पाठ होती, ती मी खोलीत बसून लिहिली.

इथे माझी चूक झाली. निवृत्त होणाऱ्या खेळाडूची एक जर्सी तरी छापतात, सत्काराच्या फ्रेमसाठी. तशी सांगितली असती तर निवृत्तीची बातमी फुटली असती, म्हणून त्याने तीही नको म्हटले. ओळ कोरी ठेवली असती तर छपाईवाल्याने फोन केला असता. तो फोन स्पीकरवर ठेवून बोलतो आणि त्याच्या दुकानात सदा आमचे समर्थक बसलेले असतात. मला वाटले, फोनच येऊ नये असे काहीतरी लिहावे. मी चार नंबरसमोर "छापू नये" असे लिहिले आणि मंगळवारी यादी पाठवली. नऊ वर्षांत मी हे शब्द पाच वेळा लिहिले आहेत. पाचही वेळा तो खेळाडू दुसऱ्या क्लबला गेला होता. हे मला माहीत होते आणि छपाईवाल्यालाही. लिहिताना मात्र माझ्या डोक्यात फक्त तो फोन होता. इतकी वर्षे काम करून माझी अक्कल नेमकी तेव्हाच कुठे चरायला गेली होती, ते मला सांगता येत नाही.

गुरुवारी सकाळपर्यंत यादीचा फोटो समर्थकांच्या ग्रुपवर गेला होता. दोन मॅच का चुकवल्या, तर नव्या क्लबसाठी पाय जपतो आहे, असा अर्थ लोकांनी लावला. छपाईवाल्याला मी दोष देत नाही. थोडा देते. त्याच्या दुकानात चौदा वर्षे सगळ्यात जास्त चार नंबरचीच जर्सी खपली आहे.

त्याच दिवशी सरावाच्या वेळी मी टॉवेल घेऊन ड्रेसिंग रूममध्ये गेले. खिळ्याचा टॉवेल कोणीतरी दाराच्या बाहेरच्या कडीला अडकवला होता. आमच्याकडे जाणाऱ्या माणसाचा टॉवेल असा बाहेर काढतात, एरवी हसतखेळत. त्या दिवशी कोणी हसत नव्हते. बाहेरगावच्या मॅचला गोलकीपर आठ वर्षे त्याच्याच खोलीत राहतो. तो म्हणाला, "निदान आम्हाला सांगून जायचं होतंस." खिळ्याने टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला. कोच म्हणाले, घरातले घरात, आणि फळ्याकडे वळले. मी एक वाक्य बोलले असते तर पुरले असते. मी टॉवेल ठेवले आणि बाहेर आले. याची मला लाज वाटते.

दुपारी मी क्लबच्या व्यवस्थापकांना भेटले आणि कॅप्टन कुठेही जात नाही, असे जाहीर करा म्हणून सांगितले. त्यांनी विचारले, तुम्हाला कसे माहीत? मी एवढेच म्हटले, मला माहीत आहे. ते म्हणाले, अफवांवर क्लब बोलत नसतो.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास त्याच्या घरासमोर शंभर-सव्वाशे माणसे जमली. मी तिथे नव्हते. त्याच्या बायकोने सांगितले त्यावरून सांगते की, "गद्दार" अशा घोषणा झाल्या, दगड आला, काच फुटली आणि त्याच्या आईला कपाळावर लागले. त्याने आईला दवाखान्यात नेले, टाके घालून होईपर्यंत थांबला, बायको तिथे आल्यावर गाडीत बसला आणि गेला. तेव्हापासून तो घरी आलेला नाही.

संध्याकाळी ७.१० ला त्याचा शेवटचा फोन मला आला, हे खरे आहे. तो म्हणाला, "उद्या मी खेळणार." मी म्हटले, "तू शब्द दिला होतास." तो म्हणाला, "आईला तीन टाके पडलेत, वहिनी. मी उतरलो नाही तर त्यांचं म्हणणं खरं ठरेल." मी म्हटले, मग आजार सांगून टाक. तो म्हणाला, आता सांगितले तर नाटक म्हणतील. कुठे आहेस विचारले तर म्हणाला, मला कोणी अडवायला नको. मग फोन बंद झाला. मी तेव्हापासून बासष्ट वेळा लावून पाहिला.

एवढे दिवस का सांगितले नाही, असे आपण विचारले. शब्द दिला होता म्हणून. आणि खरे सांगायचे तर, एवढ्या सगळ्यांत त्याने मलाच सांगितले याचे मला बरे वाटत होते, म्हणूनही. त्याच्या बायकोला आजाराचे माहीत नव्हते. आज इथल्या बाकावर मी तिला सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले आणि उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

आपण मैदानाच्या मुख्य दारावर माणूस ठेवतो म्हणालात, पण तो त्या दाराने येणार नाही. धुण्याच्या खोलीच्या दाराची एक किल्ली त्याच्याकडे आहे. तिथे माणूस ठेवावा. कोचना आणि क्लबच्या डॉक्टरांना मी इथूनच फोन केले. दोघेही टीमच्या मीटिंगमध्ये आहेत आणि मीटिंगच्या वेळी सगळ्यांचे फोन बादलीत जमा असतात. तो खेळला नाही तर लोक त्याला जन्मभर गद्दार म्हणतील, हे मला कळते. म्हणू देत.

आज सकाळी मी मॅचच्या बॅगा भरल्या. प्रत्येक खेळाडूच्या दोन जर्सी असतात, दुसरी, पहिली फाटली किंवा तिला रक्त लागले तर. शिवाय नंबर नसलेली एक जादा असते, तिच्यावर ऐनवेळी चिकटपट्टीने कोणताही नंबर काढता येतो. चार नंबरच्या दोन्ही आणि ती जादा, अशा तीन जर्सी मी बॅगेत ठेवल्या नाहीत. त्या इथे टेबलावर आहेत. नंबराशिवाय रेफरी कोणाला मैदानात घेत नाहीत. याला चोरी म्हणायचे तर चोरी लिहा. त्या रीतसर जप्त कराव्यात आणि संध्याकाळी सहापर्यंत क्लबच्या कोणालाही, त्याला स्वतःलाही, देऊ नयेत. माझ्याकडे तर ठेवूच नयेत. तो येऊन हात पुढे करेल आणि मी देईन.

वरचा सगळा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे, त्यात काही वाढवायचे किंवा गाळायचे नाही. वाचून झाले तेव्हा १२.४० झाले होते. त्याचा फोन अजून बंद आहे.