ओळखीचा हात

करमाडच्या बसमध्ये सत्यभामा खिडकीशी बसली होती. मागच्या सीटवर दोघं बोलत होते. फार्मसी कॉलेजात प्रयोगाचे पांढरे उंदीर सांभाळणारे कडुबामामा आणि त्याच उंदरांवर औषधाचा अभ्यास करणारी विशाखा.

“मामा, उद्या मी येत नाही. रजा टाकलीय.”

“उद्या तर उंदरांचा शेवटचा दिवस हाय, पोरी.”

“म्हणूनच. प्रयोग संपला, आता भूल देऊन त्यांना कायमचं झोपवायचंय. माझ्याच्यानं नाही होणार. दुसरं कुणीतरी करेल.”

“करंल की. पण तीन महिने त्यांना रोज उचललं कुणी?”

“मी.”

“पहिल्या दिवशी चावला व्हता ना एक?”

“हो. आता हात आत घातला की तोच आधी तळव्यावर येऊन बसतो.”

“मग उद्या परका हात आला, तर कोपऱ्यात दडंल. लई भिईल. जीव जायचाच हाय, पण भीत भीत कशाला जावा?”

सत्यभामानं खडखडणारी खिडकी हळूच ओढून घेतली.

“मामा, तुम्हाला इतक्या वर्षांनी काही वाटत नाही?”

“वाटतं. त्या दिवशी घरी जेवण जात नाय. पण सुट्टी कधी घेतली नाय.”

“आणि ऐनवेळी मला जमलं नाही तर?”

“मी शेजारी हाय ना. आधी नुसतं हातात घे. ऊब लागू दे त्याला. घाई नाय.”

थोड्या वेळानं विशाखानं फोन लावला.

“सर, उद्याची माझी रजा रद्द करा. नाही, बरी आहे मी. उंदीर मीच हातात घेते.”