आखाजीची रजा

वाघोडियाच्या कामगार मदत केंद्रात माझ्यापुढे बांधकामावरची मंगला उभी होती. खिडकीत वसुंधराबेन होत्या.

“धुळ्याची ना तू? आधारकार्ड कुठंय?”

“ठेकेदाराकडं, बेन. दिलं तर पळशील, म्हणतो.”

“ठेवून घ्यायचा त्याला हक्कच नाही. रजा मागितलीस?”

“मागितली. आखाजीच्या सणाला माहेरी जाते म्हटलं, तर हसला. म्हणे, झोका इथंच बांधून देतो.”

“मग?”

“म्हटलं, बांधा. झोका द्यायला माझी आई कुठून आणाल?”

“थांब, फोन लावते त्याला.”

बेन फोनवर बराच वेळ गुजरातीत कडाडल्या.

“संध्याकाळी कार्ड आणून देतोय. रजाही देतोय. जा, पिशवी भर.”

“भरलेलीच आहे, बेन. दिवाळीपासून.”