युसिमीच्या वरातीची गाडी

...आणि वर मलाच विचारतात, तुम्ही आधी बघून घ्यायला नको होतं का! अहो, बघितलं ना मी! बॉनेट घासलं, दिवे पुसले, पुढच्या बंपरला तर दात घासावेत तसा ब्रश मारला. पण तुम्हाला सांगतो, आमच्या सांतियागोत माणूस असो नाहीतर मोटार, सगळे तोंड बघतात. मागचं कोण बघतो?

आमची गाडी म्हणजे आजोबांनी घेतलेली अमेरिकन. अमेरिकन आता नावालाच हो, इंजिन रशियन मोटारीचं, रेडिएटर कुठल्या तरी ट्रॅक्टरचा, आणि डावीकडची काच म्हणजे शेजारणीचं जेवणाचं टेबल. पण धावायची! फक्त मागून जरा... म्हणजे मागचे पाटे, स्प्रिंगचे हो, इतके दबले होते की गाडी उभी केली की कुत्रं बसल्यासारखी दिसायची, आणि मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी भोपळा, डिफरन्शिअल हो, तो असा रडायचा की वाटेत लोक टोप्या काढायचे, कुणाची तरी अंत्ययात्रा चाललीय म्हणून. माझा मेहुणा ओरेस्तेस, तो मेकॅनिक. त्याने त्यात पिकलं केळं कोंबलं. हसू नका, आमच्याकडे कोंबतात. थोडे दिवस गप्प बसला, मग पुन्हा सूर. मी म्हटलं, रडू दे. मागचं कोण बघतो?

तर त्यात आमच्या युसिमीचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर. जावई रेइनिएर, सोन्यासारखा मुलगा, बोटीवर स्वयंपाकी. पण त्याची आई, आमच्या विहीणबाई एर्मेलिंडा... चारचौघांत माझ्या गाडीकडे बघून म्हणाल्या, नवरी यातून येणार असेल तर आम्ही मुलाला जेवूनच पाठवतो. आणि वर भाच्याची लाल, उघड्या टपाची गाडी देऊ केली. आमच्या पोरीने हनुवटी वर केली, म्हणाली, मी बाबांच्याच गाडीतून येणार. संपलं. म्हणजे मी संपलो. कारण लग्नाचं ऑफिस चढावर, गावाच्या दुसऱ्या टोकाला, शनिवारी दुपारी बंद होतं, आणि जावई सोमवारी बोटीवर चढला की थेट पुढच्या वर्षी उतरणार. वेळेत पोचलो नाही तर लग्न गेलं वर्षभर लांब आणि विहीणबाई बोलणार जन्मभर!

मग ओरेस्तेसने रशियन गाडीचा अख्खा मागचा दांडा आणला, दोन चाकं जोडणारा, डिफरन्शिअलसकट. पाटे ट्रकचे, कापून बेताचे केले. पाट्यांच्या टोकांना लागणारे बुश कुठून आणणार? टायरचं रबर कापून बसवले. आता रशियन दांड्यावर अमेरिकन गाडी बसेल कशी? पाटे जिथे टेकतात त्या बैठका कापायच्या आणि नव्या जागी वेल्डिंगने चिकटवायच्या. आणि वेल्डिंगला लागते वीज. आमच्याकडे वीज जावयासारखी येते, तिच्या मनाला येईल तेव्हा, आणि आली की सगळं घर धावतं. दांडा अंगणात पडून. पाऊस आला, डिफरन्शिअलच्या भोकातून पाणी आत जाईल म्हणून ओरेस्तेसने तो पालथा घातला. शहाणपणाच केला की नाही? शुक्रवारी वीज आली. गल्लीभर ओरडा, बायका भाताच्या कुकरकडे आणि हा वेल्डिंगकडे. वीज जाण्याआधी उरकायचं म्हणून सपासप दोन्ही बैठका चिकटवल्या, वरच्या बाजूला. आता सांगा, पालथ्या पडलेल्या वस्तूची वरची बाजू कुठली?

शनिवारी सकाळी दांडा गाडीखाली चढवला. मागून काय उभी राहिली हो गाडी, नव्या घोडीसारखी! चालवून बघायला हवी होती म्हणता? पेट्रोल कुठलं? होतं ते वरातीपुरतं.

युसिमी मागे बसली, पांढरा झगा सगळ्या सीटभर. फुगे बांधले. मागे पाहुण्यांच्या गाड्या भोंगे वाजवत तयार. मी पहिला गिअर टाकला, ऐटीत क्लच सोडला... आणि गाडी गेली मागे. दुसरा टाकला, आणखी जोरात मागे, थेट पाहुण्यांच्या अंगावर. घाबरून रिव्हर्स टाकला, तर मुंगीच्या चालीने पुढे. ओरेस्तेस खाली वाकला, दांडा चाचपला, आणि उठून अगदी हळू म्हणाला, "दाजी, दांडा उलटा बसलाय. गिअर सगळे आहेत. दिशा तेवढी बदललीय."

पुन्हा वेल्डिंग करावं तर वीज गेलेली. निघालो तसाच, रिव्हर्समध्ये पुढे! इंजिन बोंबलतंय आणि आम्ही सरकतोय. घोडागाडी पुढे गेली. पाव घेऊन निघालेले एक आजोबा खिडकीशी बरोबर चालत राहिले, विचारपूस केली, शुभेच्छा दिल्या, आणि कंटाळून तेही पुढे गेले. बॉनेटमधून वाफ. आणि मग मागून पोरगी शांतपणे म्हणाली, "बाबा, तोंड फिरवा. पाठीमागून जाऊ या."

तुम्हाला सांगतो, गाडी फिरवली आणि उलटी सोडली, पहिला, दुसरा, तिसरा! मान पूर्ण वळवलेली, नजर मागच्या काचेवर, पोरगी डोक्यावरची जाळी हातात गुंडाळून सांगतेय, डावीकडे, नाही, माझ्या डावीकडे! चौकात पोलिसाने अडवलं, कुठे निघालात म्हणे. मी म्हटलं, पुढेच साहेब, फक्त गाडीला अजून सांगितलेलं नाही. त्याने युसिमीकडे बघितलं आणि शिट्टी मारून सगळी वाहतूक थांबवली.

आणि चढावर काय झालं माहीत आहे? मागच्या काचेतून रस्ता दिसायला हवा, पण काचेच्या आधी ती दिसत होती. लेकीला पोचवायला निघालेला कुठलाही बाप रस्ताच बघतो. मी अख्खी वाट तिचं तोंड बघत गेलो. हसत होती, मग रडली, मग म्हणाली, "बाबा, खड्डा बघा." खड्डा चुकला. डोळ्यांचं सांगत नाही.

पायऱ्यांवर विहीणबाई घड्याळ बघत उभ्या. त्यांच्या समोर गाडी आली ती नवरीला पुढे घालून, बाप आपला पार मागे. सह्या झाल्या, ऑफिसातल्या बाईंनी दाराला कुलूप लावलं. विहीणबाईंनी घड्याळावर बाही ओढली. मी म्हटलं, जिंकलो!

जिंकलो कसला? दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा निरोप आला. तोंड पुढे करून काय, सगळ्याच नवऱ्या येतात, आमच्या धाकट्याच्या लग्नाला तुमचीच गाडी हवी, आणि अशीच. ओरेस्तेस वेल्डिंगचं मशीन घेऊन दारात, घरात वीज ढीगभर, पण विहिणीला नाही कोण म्हणणार? धाकट्याला अजून मुलगीसुद्धा मिळालेली नाही! तोवर बाजाराला उलटा, कामाला उलटा. मान अशी आखडलीय की डावा खांदा सोडून काही दिसत नाही. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मान दाबली, विचारलं, समजावलं, काका, आता वय झालं, यापुढे पुढे बघून चालत जा.

म्हटलं, बघतो हो बाई. पण पुढे एकच गिअर आहे.